नोटीस वर्डमध्ये सरळ, वेबसाईटवर वाकडी: अलाइनमेंट आणि इंडेंटचा दरवर्षीचा गोंधळ

ऑगस्ट लागला की आपल्या जिल्ह्यात गावोगावच्या दूध संस्था, पतसंस्था, विकास सोसायट्यांची वार्षिक सभेची गडबड सुरू होते, कारण ३१ मार्चला वर्ष संपल्यापासून सहा महिन्यात म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यावीच लागते, आणि मग दरवर्षी तेच होतं. डीटीपीवाल्याकडून वर्डची फाईल येते, संस्थेतला कुणीतरी पोरगा ती कॉपी करून वेबसाईटवर चिकटवतो आणि संध्याकाळपर्यंत फोन, "दादा, फाईलमध्ये बरोबर दिसतंय की ओ, साईटवर सगळं वाकडं झालंय." शीर्षक मधोमध पाहिजे ते जरासं उजवीकडं सरकलेलं, सचिवांची सही उजवीकडं पाहिजे ती डावीकडं, आणि मोबाईलवर बघितलं तर विषयपत्रिकेतल्या प्रत्येक विषयाचं पहिलं अक्षर कापलेलं.

हे सगळं एकदम दिसतं म्हणून वाटतं साईट बिघडली. साईट ठीक असते. एकाच परिच्छेदावर तीन-चार ठिकाणाहून अलाइनमेंट (मजकूर डावीकडं, मध्ये की उजवीकडं) आणि इंडेंट (पहिली ओळ किती आत) सांगितलेला असतो, थोडा वर्डनं, थोडा साईटच्या थीमनं (साईटच्या रूपाचा तयार साचा), थोडा एडिटरनं (साईटवर मजकूर चिकटवायची जागा), थोडा स्वतः ब्राउझरनं, आणि त्यातलं कुठलं ऐकायचं हे ब्राउझर ठरलेल्या क्रमानं ठरवतो. क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिन्हींचा क्रम एकच. तो क्रम एकदा डोक्यात बसला की पुढच्या वर्षी हीच नोटीस पाच मिनिटात सरळ होते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी अंदाज बांधणं बंद करा. कॉम्प्युटरवर पान उघडा, जी ओळ वाकडी आहे नेमकी तिच्यावर राईट क्लिक करून इन्स्पेक्ट दाबा. डावीकडं तो टॅग, म्हणजे त्या तुकड्याभोवतीची कोडमधली खूण, दिसेल आणि स्टाईल्सच्या खान्यात त्याला लागू झालेले सगळे नियम वरून खाली, जिंकलेला वर आणि हरलेल्यावर आडवी रेघ मारलेली. त्याच्याही खाली 'इनहेरिटेड फ्रॉम' असं लिहिलेला भाग असतो, तो बहुतेक जण बघतच नाहीत आणि अर्धा घोळ तिथंच असतो. शेजारच्या कॉम्प्युटेड टॅबमध्ये टेक्स्ट-अलाइन, म्हणजे अलाइनमेंटचा नियम, शोधलं तर शेवटी काय ठरलं ते एका ओळीत कळतं.

आता मुख्य गोष्ट. टेक्स्ट-अलाइन आणि टेक्स्ट-इंडेंट या दोन्ही प्रॉपर्टी वारशानं खाली येतात, म्हणजे बाहेरच्या डिव्हवर (परिच्छेद एकत्र ठेवणारा बॉक्स) सेंटर लिहिलं तर आतल्या परिच्छेदांना ते मिळतं. पण हा वारसा सगळ्यात दुबळा. आतल्या परिच्छेदावर थेट काहीही लिहिलेलं असेल, अगदी थीमच्या फाईलमध्ये नुसतं 'सगळ्या पी टॅगला जस्टिफाय', म्हणजे सगळ्या परिच्छेदांच्या दोन्ही कडा सरळ, एवढंच असलं, तरी वरून आलेलं सेंटर हरतं. इथं लोक काय करतात, बाहेरच्या डिव्हवर !इम्पॉर्टंट (हा नियम आधी ऐक अशी खूण) लावतात, तरी होत नाही, मग डिव्हला आयडी (त्या एकाच टॅगचं नाव) देऊन जोर वाढवतात, तरी होत नाही, आणि मग वैतागून म्हणतात ब्राउझर ऐकत नाही. ऐकतोय की! तुमचं !इम्पॉर्टंट डिव्हसाठी जिंकलंय, डिव्हचं अलाइनमेंट सेंटरच झालंय, पण परिच्छेदाकडं स्वतःचा थेट नियम आहे म्हणून त्याला वारशाची गरजच पडली नाही. वडिलांचं घर कितीही मोठं असू दे, पोरानं स्वतःचं बांधलंय तर तो त्याच्याच घरात राहणार. म्हणून नियम ज्या टॅगवर वाकडेपणा दिसतोय त्याच टॅगवर लिहायचा, त्याच्या आई-बापावर नाही.

दोन थेट नियम एकमेकांच्या विरोधात असले तर क्रम असा. ब्राउझरचे स्वतःचे मूळ नियम सगळ्यात खाली. त्यावर साईटच्या सीएसएस फाईलमधले (रूपाचे नियम लिहिलेली फाईल), त्यात ज्याचा सिलेक्टर (नियम कुठल्या टॅगला ते सांगणारा भाग) जास्त नेमका तो वरचढ, आयडी क्लासला (अनेक टॅगना देता येणारं नाव) हरवतो, क्लास नुसत्या टॅगच्या नावाला हरवतो, आणि दोघं सारखेच असतील तर जो नंतर लिहिलाय तो. या सगळ्यांच्या वर टॅगमध्येच लिहिलेली स्टाईल, म्हणजे इनलाइन. इनलाइनला हरवायला फाईलमध्ये !इम्पॉर्टंट लागतं, दुसरा उपाय नाही.

आणि वर्डमधून चिकटवलेलं जे काही येतं ते जवळपास सगळं इनलाइनच येतं. नोटिशीचा साधा परिच्छेद, "संस्थेच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की", याचा कोड उघडून बघा. क्लास असतो एमएसओ-नॉर्मल आणि स्टाईलमध्ये टेक्स्ट-अलाइन जस्टिफाय, टेक्स्ट-इंडेंट ३६ पॉइंट. ३६ पॉइंट म्हणजे अर्धा इंच, ब्राउझरच्या मापात ४८ पिक्सेल. वर्डमध्ये टाईप करणाऱ्यानं टॅब दाबून किंवा वरच्या पट्टीवरची खूण सरकवून दिलेला तो इंडेंट. थीमवाला बिचारा त्याच्या फाईलमध्ये इंडेंट शून्य लिहून बसलाय, पण इनलाइनपुढं त्याचं काही चालत नाही.

आता शीर्षक थोडंसंच का सरकतं ते. डीटीपीवाल्यानं आधी सगळा मजकूर सिलेक्ट करून इंडेंट दिलेला असतो आणि मग 'वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस' ही ओळ फक्त सेंटर केलेली असते, तिचा इंडेंट काढलेला नसतो. ब्राउझर सेंटर करताना इंडेंटची जागा पण ओळीचाच भाग धरतो, म्हणजे ४८ पिक्सेल मोकळी जागा अधिक मजकूर अशी अख्खी पट्टी मधोमध बसवतो, त्यामुळं दिसणारी अक्षरं इंडेंटच्या निम्म्यानं, २४ पिक्सेल, उजवीकडं सरकतात. म्हणून ते धड डावीकडं पण दिसत नाही आणि धड मध्ये पण नाही, आणि शीर्षक दोन ओळींचं असेल तर अजून विचित्र, कारण इंडेंट फक्त पहिल्या ओळीला लागतो, दुसरी ओळ बरोबर मध्ये आणि पहिली सरकलेली. यावर कुणी कुणी डावीकडं उणे मार्जिन देऊन ते ओढून आणतात, ते करू नका, मोबाईलवर परत वाकडं होतं. त्या ओळीचा टेक्स्ट-इंडेंट शून्य करा, बास.

उजव्या अलाइनमेंटला इंडेंटनं अक्षरं सरकत नाहीत, ती उजव्या कडेलाच चिकटून राहतात, फक्त पहिल्या ओळीत जागा तेवढी कमी होते. म्हणून "संचालक मंडळाच्या आदेशावरून" ही ओळ मोबाईलवर उगाच मध्येच तुटली तर तिथंसुद्धा लपलेला इंडेंट आहे का बघा.

अक्षर कापलं जाणं हा सगळ्यात त्रासदायक प्रकार आणि सभासदाला खरंच वाचता येत नाही म्हणून तो आधी सोडवा. वर्डमध्ये आकडे घालून यादी केली की, १ मागील सभेचे प्रोसिडिंग वाचून कायम करणे, २ अहवाल, ताळेबंद व नफा-तोटा पत्रकास मंजुरी देणे, वर्ड त्या प्रत्येक विषयाला साधारण असं देतो: डावं मार्जिन अर्धा इंच आणि टेक्स्ट-इंडेंट उणे पाव इंच. कल्पना चांगली आहे, सगळा परिच्छेद ४८ पिक्सेल आत ढकलायचा आणि पहिली ओळ २४ पिक्सेल परत बाहेर ओढायची म्हणजे आकडा बाहेर लटकतो आणि मजकूर एका रेघेत येतो. पण ही जोडी आहे. थीममध्ये कुठंतरी मार्जिन शून्य !इम्पॉर्टंट असतं, किंवा एडिटर चिकटवताना मार्जिन गाळतो आणि इंडेंट ठेवतो, आणि मग उणे इंडेंट एकटाच उरतो. पहिली ओळ २४ पिक्सेल बॉक्सच्या बाहेर जाते. कॉम्प्युटरवर बाजूला मोकळी जागा असते म्हणून लक्षात येत नाही, मोबाईलवर कडेला जागा १५-१६ पिक्सेलच, वर ओव्हरफ्लो हिडन (बाहेर गेलेलं लपवणारा नियम), आणि मग "मागील" च्या आधीचा आकडा किंवा पहिलं अक्षर कापलं जातं. इथं एक काढला तर दुसरा पण काढायचा, दोन्ही शून्य, आणि यादी खरी यादी म्हणून परत करायची, एडिटरमधलं आकड्यांचं बटण दाबून. ब्राउझर खऱ्या यादीला डावीकडं ४० पिक्सेल पॅडिंग (आतली मोकळी जागा) स्वतःहून देतो, त्यात आकडा व्यवस्थित बसतो.

खऱ्या यादीतसुद्धा एक भानगड राहते. बाहेरच्या डिव्हवर टेक्स्ट-इंडेंट असला तर तो वारशानं प्रत्येक मुद्द्याला जातो आणि आकडा व मजकूर यात नको तेवढी फट पडते. यादीवर इंडेंट शून्य लिहून टाका.

टेबलाचं वेगळं आहे आणि इथं बरेच जण दमतात. जमा-खर्चाच्या टेबलात रकमेचा कॉलम उजवीकडं पाहिजे म्हणून सेलला राइट दिलं तरी आकडे डावीकडंच, वर थोडे आत सरकलेले. कारण वर्डच्या टेबलात प्रत्येक सेलच्या आत आणखी एक परिच्छेद असतो, तोच एमएसओ-नॉर्मल, त्याच्यावर स्वतःचं इनलाइन जस्टिफाय आणि इंडेंट. सेल राइट झालाय, आतला परिच्छेद नाही. परत तोच वारशाचा मुद्दा. खरं तर ब्राउझर टेबलापाशी इंडेंटचा वारसा स्वतःच तोडतो, टेबलाच्या बाहेरचा इंडेंट आत जात नाही, पण आतल्या परिच्छेदावर थेट लिहिलेला असला तर तो लागणारच. सेलच्या आतले पी टॅग काढून टाका, नुसता आकडा ठेवा, सगळं जागेवर येतं.

त्याच टेबलात कॉलमची शीर्षकं कधी मध्ये येतात कधी डावीकडं, एकाच साईटवर दोन पानांवर दोन तऱ्हा, हे का होतं ते बऱ्याच जणांना कळत नाही. टीएच टॅगला, म्हणजे शीर्षकाच्या खान्याला, ब्राउझर मूळचा सेंटर देतो, पण वर कुठंही अलाइनमेंट बदललेली नसेल तरच. वर कुणी बॉडीला किंवा डिव्हला लेफ्ट असं स्पष्ट लिहिलं की टीएच सेंटर सोडून तो लेफ्ट घेतो. म्हणून शीर्षकांना काय पाहिजे ते स्वतः लिहा, ब्राउझरच्या भरवशावर सोडू नका.

सहीची ओळ. इथं तीन कारणं असतात आणि तिन्ही वेगळी. एक, राइट हे स्पॅनवर (ओळीतल्या तुकड्याचा टॅग) लिहिलेलं असतं. स्पॅन त्याच्या मजकुराएवढाच रुंद, त्याला अलाइनमेंट लागतच नाही, ती ब्लॉकवर लागते. दोन, बाहेरचा बॉक्स फ्लेक्स (आतले तुकडे शेजारी-शेजारी मांडणारा) असतो. फ्लेक्समध्ये आतला तुकडा मजकुराएवढाच रुंद होऊन डावीकडं बसतो, त्याच्या आत तुम्ही कितीही राइट करा, सरकायला जागाच नाही. तिथं त्या तुकड्याला डावं मार्जिन ऑटो द्या. तीन, सही वर्डमध्ये स्पेसबार दाबून दाबून उजवीकडं नेलेली असते. वेबवर सलग कितीही स्पेस आणि टॅब असले तरी ब्राउझर त्यांची एकच स्पेस करतो, म्हणून "सचिव" हा शब्द धाडकन डावीकडं येतो. याला दुरुस्ती नाही, सहीचा वेगळा परिच्छेद करून त्याला राइट द्यायचं.

एडिटरमधलं इंडेंट वाढवायचं बटण तर मी कुणालाच वापरू देत नाही. बऱ्याच एडिटरमध्ये ते बटण मजकूर ब्लॉककोटमध्ये (अवतरणाचा टॅग) गुंडाळतं, त्याला ब्राउझर मूळचे दोन्ही बाजूंना ४० पिक्सेल देतो, तीनदा दाबलं की एकात एक तीन ब्लॉककोट, दोन्ही बाजूंना १२० पिक्सेल. ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाईलवर मजकुराला १२० उरतात. वर थीमनं ब्लॉककोटला तिरकी अक्षरं आणि बाजूला जाड रेघ दिलेली असते, म्हणजे सभेचं स्थळ आणि वेळ कुणाचा तरी सुविचार असल्यासारखं दिसायला लागतं.

जुन्या साईटचा वेगळा त्रास. दहा-पंधरा वर्षांपूर्वी केलेल्या पानांवर टॅगमध्ये अलाइन सेंटर असा ॲट्रिब्यूट लिहिलेला असतो, सेंटर नावाचा टॅग पण असतो. सीएसएसचा पहिला मसुदा पक्का झाला १९९६ साली आणि त्यात टेक्स्ट-अलाइन होतंच, १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ नं हा ॲट्रिब्यूट वापरू नका असं सांगितलं, तरी ब्राउझर तो अजून मानतात म्हणून जुनी पानं तगून आहेत. पण त्याचा जोर अगदी कमी, सीएसएस फाईलमधला कुठलाही थेट नियम त्याला हरवतो. त्यामुळं नवीन थीम टाकली आणि तिच्यात परिच्छेदाला जस्टिफाय असलं की जुन्या सगळ्या नोटिशी एका रात्रीत डावीकडं जातात. अजून एक, डिव्हवरचा जुना अलाइन सेंटर आतल्या टेबलालासुद्धा मध्ये आणतो, सीएसएसचं टेक्स्ट-अलाइन सेंटर तसं करत नाही, ते फक्त मजकूर मध्ये आणतं. म्हणून जुनं काढून नवीन लिहिताना टेबलाला डावं-उजवं मार्जिन ऑटो वेगळं द्यावं लागतं.

जस्टिफायबद्दल माझं मत सरळ सांगतो, मोबाईलवर मराठी मजकूर जस्टिफाय करू नका. आपले शब्द लांब, "सर्वसाधारण", "सभासदांच्या", "लेखापरीक्षकांची", अरुंद ओळीत दोन किंवा तीनच बसतात, आणि उरलेली जागा ब्राउझर त्या दोन-तीन शब्दांच्या मध्ये वाटतो, मग ओळीत भगदाडं पडतात आणि म्हाताऱ्या माणसांना वाचायला खरंच जड जातं. आणि या नोटिशी वाचणारे निम्मे सभासद त्याच वयाचे आहेत. मूळ नियम स्टार्ट (मराठीत म्हणजे डावीकडं) ठेवा आणि मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या रुंदीची अट) घालून ७६८ पिक्सेलच्या वरच्या स्क्रीनला जस्टिफाय द्या. काही जणांचा उलटा प्रश्न असतो की जस्टिफाय दिलंय तरी ओळी सरळ का होत नाहीत, त्यांच्या मजकुरात प्रत्येक ओळीनंतर बीआर (नुसती ओळ तोडणारा टॅग) असतो, व्हॉट्सॲपवरून घेतलेल्या मजकुरात तर हमखास. बीआरच्या आधीची ओळ ब्राउझर परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीसारखी धरतो आणि शेवटची ओळ ताणत नाही. तसंच बीआरनंतरच्या ओळीला इंडेंट पण मिळत नाही, कारण ब्राउझरच्या लेखी तो नवीन परिच्छेदच नाही. एंटर मारून खरे परिच्छेद करा, दोन्ही प्रश्न जातात.

आता कायमचा उपाय. चिकटवताना कंट्रोल-व्ही च्या ऐवजी कंट्रोल-शिफ्ट-व्ही, म्हणजे नुसता मजकूर येतो, वर्डची एकही स्टाईल येत नाही. मग सीएसएसमध्ये नोटिशीसाठी चार क्लास करून ठेवा, शीर्षक, मजकूर, विषय, सही, आणि प्रत्येकात अलाइन आणि इंडेंट दोन्ही लिहा. दोन्ही म्हणजे दोन्हीच. नुसतं सेंटर लिहून इंडेंट सोडला की तो वारशानं कुठून तरी येतो आणि परत शीर्षक सरकतं. मजकुराचा इंडेंट २ ईएम (अक्षराच्या मापाच्या दुप्पट) ठेवा आणि तो परिच्छेदाच्याच क्लासवर लिहा, बाहेरच्या डिव्हवर नको, कारण डिव्हवर लिहिला तर डिव्हच्या अक्षराच्या मापानं हिशेब होऊन तयार पिक्सेल खाली जातात, १६ च्या अक्षराला ३२, आणि बारीक टीपेलाही तेच ३२. टक्क्यात इंडेंट देऊ नका, तो बॉक्सच्या रुंदीवर ठरतो, ८०० पिक्सेलच्या बॉक्समध्ये १० टक्के म्हणजे ८०, मोबाईलवर ३४०ला ३४. आणि मजकुरात इनलाइन-ब्लॉक केलेलं बटणासारखं काही असेल, 'अहवाल डाउनलोड करा' अशी लिंक वगैरे, तर त्याचा इंडेंट शून्य करा, नाहीतर बाहेरच्या परिच्छेदाचा इंडेंट त्याच्या आत शिरतो आणि अक्षरं बटणाच्या एका बाजूला जातात.

पण जुन्या पन्नास-साठ नोटिशी आधीच चिकटवलेल्या आहेत आणि एकेक साफ करायला वेळ नाही, ही अडचण पण खरी आहे. तिथं !इम्पॉर्टंट वापरायला माझी हरकत नाही. नोटिशीच्या बाहेरच्या डिव्हला क्लास द्या आणि 'त्या क्लासच्या आतले सगळे पी' अशा सिलेक्टरवर टेक्स्ट-अलाइन स्टार्ट, टेक्स्ट-इंडेंट शून्य, डावं मार्जिन शून्य, तिन्ही !इम्पॉर्टंट लावून लिहा. यानं शीर्षक आणि सही पण डावीकडं येणार हे लक्षात ठेवा, म्हणून त्यांना क्लास देऊन 'नोटिशीच्या क्लासच्या आतला, सही क्लासचा पी' असा एक क्लास जास्त असलेला सिलेक्टर लिहा आणि त्यावरही !इम्पॉर्टंट. दोन्हीकडं !इम्पॉर्टंट असलं की परत नेमकेपणाच बघितला जातो, त्यामुळं सहीचा नियम जिंकतो. सरसकट सगळ्या साईटला हे लावू नका, फक्त त्या डिव्हपुरतं.

एवढं करून कॉम्प्युटरवर बरोबर आणि चेअरमनच्या मोबाईलवर जुनंच दिसत असेल तर त्यांच्या मोबाईलमध्ये जुनी सीएसएस फाईल साठवलेली असते. फाईलच्या नावापुढं प्रश्नचिन्ह घालून व्हर्जनचा आकडा बदला, साईटवर कॅशिंगचं प्लगिन असेल तर ते रिकामं करा, आणि त्यांना पान बंद करून परत उघडायला सांगा.